किवारा आउटबॅकमध्ये नाहीये हो!

ऑस्ट्रेलियातल्या छोट्या गावांवरच्या कादंबऱ्या आवडीने वाचणारे आता बरेच भेटतात, छानच वाटतं, पण 'द ड्राय' असो नाहीतर 'द लॉस्ट मॅन', सरसकट सगळ्याला 'आउटबॅक थ्रिलर' (आउटबॅक म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या आतला ओसाड, तुरळक वस्तीचा मुलूख) म्हणून मोकळे होतात ते काही मला पटत नाही. दोन्हींची लेखिका एकच, जेन हार्पर, त्यामुळे गोंधळ होतो. ऊन, धूळ, माश्या दोन्हीकडे आहेत, ते सोडा.

'द ड्राय' (2016) तुम्ही वाचलीच असेल. त्यातलं किवारा गाव काल्पनिक, पण मुलूख व्हिक्टोरियातला शेतीचा, मेलबर्नहून गाडीने पाचेक तास. पिक्चरचं शूटिंगही तिथल्या विमेरा भागात, गव्हाच्या पट्ट्यात झालं.

'द लॉस्ट मॅन' (2018) मात्र खरी आउटबॅकची. क्वीन्सलँडमधलं कॅटल स्टेशन, म्हणजे गुरांचं अवाढव्य रान. साउथ ऑस्ट्रेलियातलं ॲना क्रीक नावाचं खरंखुरं स्टेशन 15,000 चौरस किलोमीटरच्या वर आहे, जवळपास आपला पुणे जिल्हा! कादंबरीतले भाऊ एकमेकांचे सगळ्यात जवळचे शेजारी, आणि तरी घरं गाडीने काही तास लांब.

आता खरी गोम. गावाच्या कादंबरीत सगळे सगळ्यांना बघत असतात, म्हणून गुपित टिकवायला कोणालातरी खोटं बोलावं लागतं. 'द ड्राय'मध्ये वीस वर्षांपूर्वी एक मुलगी नदीत बुडून गेली तेव्हा नायक फॉक आणि त्याचा मित्र ल्यूक यांनी 'आम्ही सोबत होतो, ससे मारत होतो' असं सांगितलं, आणि ते गाव आजही विसरलेलं नाही, फॉक नुसता पबमध्ये शिरला तरी लोकांच्या नजरा बदलतात. म्हणजे तिथे वाचताना लक्ष ठेवायचं ते कोणी काय पाहिलं, कोण कोणाला सांभाळून घेतंय यावर. आउटबॅकमध्ये बघायलाच कोणी नाही. 'द लॉस्ट मॅन'मधल्या भावांपैकी कॅमरनचं प्रेत एका जुन्या कबरीपाशी सापडतं आणि त्याची गाडी तिथून काही किलोमीटरवर, चालू स्थितीत, आत खाणं-पाणी भरलेलं. त्या भागात गाडी सोडून जायचं नाही हे लहान पोरालाही माहीत असतं, मग तिथेच वाढलेला माणूस उन्हात चालत का गेला? संशय घ्यायला गाव नाहीच, घरातलीच चार माणसं, आई, भाऊ, बायको. 'द लॉस्ट मॅन' स्लो आहे अशी तक्रार करणारे बहुतेक जण त्यात किवाराचा पब शोधत बसलेले असतात, आणि मग एका घरात इतकी वर्षं काय दाबून ठेवलंय ते त्यांच्या हातून निसटतं.

गावाचीच हवी असेल तर गॅरी डिशरची 'बिटर वॉश रोड' (2013) घ्या. हर्श एकट्याने पोलीस ठाणं सांभाळतो, साउथ ऑस्ट्रेलियातल्या गहू-लोकरीच्या मुलखात दिवसभर गाडी हाणतो, अंतरं बघून आउटबॅक वाटेल पण नाही, नवा पोलीस कसा आहे ते गावाने आधीच ठरवून टाकलेलं असतं. माझ्या मते 'द ड्राय'पेक्षा काकणभर सरसच.