रसायनगळती कळवण्याची मर्यादा

कारखाना, टाकी किंवा टँकरमधून घातक रसायन बाहेर पडल्यावर शासनाला कळवणे ज्या टप्प्यापासून बंधनकारक होते, ती मर्यादा. अमेरिकेत ती वजनावर ठरते. तिथल्या 1980 च्या सुपरफंड कायद्याखाली प्रत्येक रसायनाला 1, 10, 100, 1,000 किंवा 5,000 पौंड यांपैकी एक आकडा दिलेला आहे. 24 तासांत तेवढे सांडले की लगेच कळवायचे. क्लोरीनसाठी 10 पौंड, म्हणजे जेमतेम साडेचार किलो.

भारतात आकडे आहेत, पण ते साठ्याचे. पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाखालील 1989 च्या घातक रसायनविषयक नियमांत क्लोरीनची मर्यादा 10 टन आहे. तिथून पुढे जागेची नोंद, आपत्कालीन आराखडा, मोठा अपघात कळवणे हे सारे लागू होते. 25 टनांपासून सुरक्षा अहवालही द्यावा लागतो. भोपाळच्या मिथिल आयसोसायनेटसाठी मर्यादा अवघी 150 किलो. क्लोरीन साधारण 900 किलोच्या टनरमधून, म्हणजे मोठ्या आडव्या सिलिंडरमधून येतो. आवारात अकरा भरलेले टनर असेपर्यंत साठा दहा टनांच्या आत राहतो, बारावा उतरवला की तो नियमाच्या कक्षेत येतो.

मोठा अपघात म्हणजे काय, हे मात्र किलोत सांगितलेले नाही. आत किंवा बाहेर कुणाचा मृत्यू, आत दहा किंवा अधिक जखमी, कुंपणाबाहेर एकही जखमी, अथवा आणीबाणी ओढवणारी वा पर्यावरणाला बाधणारी गळती, यांपैकी काहीही पुरते. कारखाना असेल तर 48 तासांत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवायचे. घशाशी आलेल्या वायूला दोन दिवस हा फार मोठा अवधी आहे.

छोट्या युनिटचा खरा संबंध येतो तो 1974 च्या जल अधिनियमातील कलम 31 शी. त्यात किलो नाहीत, तासही नाहीत. अपघाताने विषारी किंवा प्रदूषक द्रव्य नाल्यात, गटारात वा जमिनीवर गेले आणि त्यामुळे पाणी दूषित झाले, किंवा होण्याची नुसती शक्यता असली, तरी तिथल्या प्रमुखाने ‘तात्काळ’ कळवायचे. नवी मुंबईतल्या महापे, रबाळे, पावणे, तुर्भे या टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यात हे कलम जास्त बोचते. पारसिकच्या डोंगरावरून उतरणारे नाले एमआयडीसीतून थेट ठाणे खाडीला मिळतात, आणि खाडीचा काही भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य, 2022 पासून रामसर स्थळ आहे. पावसाळ्यात उघड्यावर कलंडलेला ॲसिडचा एक ड्रम साठ्याच्या कुठल्याच तक्त्यात बसत नाही. इथे मात्र बसतो.

वाहतुकीतल्या घातक कचऱ्यासाठी 2016 चे नियम आहेत: अपघात होताच वाहतूकदाराने राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला फोन किंवा ईमेल करायचा, नंतर नमुना 11 मध्ये अहवाल द्यायचा. पण ही सारी व्यवस्था स्वतःहून कळवणाऱ्यावर उभी आहे. नोव्हेंबर 2014 मध्ये उल्हासनगरजवळ टँकरने वालधुनी नदीपात्रात रसायन ओतले आणि वायूमुळे शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. चोरून ओतणारा नमुना 11 भरत नाही. तिथे पहिली खबर लोकांच्या डोळ्यांची जळजळच देते.