सुट्टी सिगारेट, कटिंग आणि पहिले तीन आठवडे

शेवटच्या झुरक्यानंतर एक-दोन दिवसांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निघून जातो. हृदयविकाराचा वाढलेला धोका वर्षभरात जवळपास निम्मा होतो. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका निम्मा व्हायला मात्र दहा वर्षं द्यावी लागतात. हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. तरीही सुटलेली सिगारेट पुन्हा हातात येते, ती बहुधा पहिल्या तीन आठवड्यांत.

तलफ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जोरात येते, पण एकेक तलफ पाचेक मिनिटांत ओसरते. त्यासाठी निकोटिन गम असतो आणि तोच अनेकजण चुकीचा खातात. साध्या च्युइंगगमसारखा चघळला की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, छातीत जळजळतं आणि तलफ तशीच राहते. गम हळूहळू चावायचा, तिखटसर चुणचुण आली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचा, चुणचुण गेली की पुन्हा चावायचा. असं अर्धा तास. आधीची 15 मिनिटं चहा, कॉफी, लिंबू सरबत बंद, कारण आम्लामुळे गालातून निकोटिन नीट शोषलं जात नाही. उठल्यावर अर्ध्या तासात सिगारेट लागत असेल तर 2 मिलिग्रॅमचा गम कमी पडतो. 4 मिलिग्रॅमसाठी डॉक्टरांना विचारा. नुसतं बोलायचं असेल तर 1800-11-2356 ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे.

आता चहा. धुरातल्या काही रसायनांमुळे यकृत कॅफिनचा निचरा भराभर करतं. धूर थांबला की तेवढ्याच चहातलं कॅफिन जास्त वेळ रेंगाळतं. मग धडधड, चिडचिड, झोपेचं खोबरं. आणि माणूस म्हणतो, ‘सिगारेटशिवाय जमतच नाही.’ दोष बऱ्याचदा सहा कटिंगचा असतो. तीनवर या, तेही दुसऱ्या टपरीवर.

महाराष्ट्रात सुट्ट्या सिगारेट विकायला 2020 पासून बंदी आहे. मुंबईत ती किती पाळली जाते हे कुठल्याही स्टेशनबाहेर दिसतं. सुट्टी घेतली की खर्च जाणवत नाही. समजा 20 रुपयांची एक, दिवसाला सहा: वर्षाला 43,800. तेच महिन्याचे 3,600 पाच वर्षं साडेसहा टक्क्यांच्या रिकरिंग डिपॉझिटला टाकले तर अडीच लाखांवर जातात.

नव्या टर्म इन्शुरन्सचा हप्ताही कमी बसतो, पण साधारण वर्षभर तंबाखू बंद असल्यावरच. तोवर गमही सुटलेला हवा. विमा कंपनीच्या लघवी तपासणीत कोटिनिन, म्हणजे निकोटिनपासून शरीरात बनणारा पदार्थ, शोधतात आणि ते गममुळेही सापडतं.