फॉर्मेशन वेगळं, टॅक्टिक्स वेगळं : मॅनेजरला शिव्या घाला पण बरोबर गोष्टीवरून घाला

सात रस्त्याच्या अलीकडं आमचा एक चहाचा गाडा ठरलेला आहे, शनिवार-रविवारच्या फुटबॉल मॅचेस झाल्या की सोमवारी संध्याकाळी तिथं पंचनामा असतो. दोघं मँचेस्टर युनायटेडवाले, एक चेल्सीवाला (दोन्ही इंग्लंडचे क्लब), बाकीचे कोण जिंकतंय ते बघून टीम ठरवणारे. अमोरिम युनायटेडला मॅनेजर, म्हणजे कोच, होता तेव्हा तर दर सोमवारी एकच रड, "तीनच डिफेंडर लावलाय बे त्यानं, मग गोल खाणारच की!" आणि त्यावर दुसरा, "टॅक्टिक्सच कळत नाही त्याला." आता ह्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, पण गाड्यावर दोन्ही एकच समजून अर्धा तास भांडण होतं, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

फॉर्मेशन म्हणजे मॅचच्या आधी टीव्हीवर दाखवतात तो आकडा. गोलकीपर सोडून दहा जण, मोजायचं मागून पुढं. 3-4-3 म्हणजे मागं तीन, मधे चार, पुढं तीन. कोण साधारण कुठं उभा राहणार एवढंच त्यातून कळतं, बस्स. टॅक्टिक्स म्हणजे ते दहा जण तिथून पुढं करणार काय, बॉल गेला की धावून लगेच हिसकवायचा का मागं जाऊन दार लावून बसायचं, बॉल मिळाला की छोटे छोटे पास द्यायचे का सरळ पुढं फेकायचा, समोरच्या माणसाला धरायचं का आपली जागा धरायची.

सोलापूरकरांना तर हे मागावरून लगेच कळेल. चादरीला ताणा, म्हणजे उभे धागे, भरून ठेवलेले असतात, पण चादरीवर मोर उमटणार का फूल हे नुसत्या त्या धाग्यांकडं बघून कुणाला सांगता येतं का? ते ठरतं जेकार्डला लावलेल्या भोकं पाडलेल्या कार्डांवर, कुठला धागा कधी उचलायचा ते. फॉर्मेशन म्हणजे ताणा आणि टॅक्टिक्स म्हणजे ती कार्डं. डिझाईन फसलं तर आपण धाग्याला शिव्या देत नाही (धागाच तुटका असेल तर गोष्ट वेगळी, त्यावर येतो).

मला स्वतःला हे डोक्यात बसलं ते 2024 च्या युरोपा लीग फायनलला. जर्मनीची लेव्हरकुसेन विरुद्ध इटलीची अटलांटा, डब्लिनला. आपल्याकडं रात्री साडेबाराला सुरू, मे महिन्यातलं सोलापूर, घरात झोप येणं शक्यच नाही म्हणून गच्चीवर मोबाईल घेऊन बसलो होतो. मॅनेजर शाबी अलोन्सोची लेव्हरकुसेन तोवर सगळ्या स्पर्धा धरून सलग 51 मॅच हरली नव्हती, बुंडेसलीगा, म्हणजे जर्मनीची लीग, एकही मॅच न हरता जिंकलेली. मागं तीन, बाजूला दोन विंगबॅक (मधल्या चारांतले कडेचे दोघं, मागं-पुढं दोन्हीकडं पळणारे). आणि समोर गास्पेरिनीची अटलांटा, मागं तीन, बाजूला दोन विंगबॅक! आकडा जवळजवळ तोच की. पण लेव्हरकुसेनचं काम बॉल फिरवत ठेवायचं, समोरचा दमला की घुसायचं, आणि अटलांटावाल्यांनी काय केलं तर अख्ख्या मैदानावर एकाला एक धरला, पास घ्यायला वळावं तर पाठीला माणूस चिकटलेला. अटलांटाच्या लुकमननं तीन गोल मारले, 3-0, खेळ खल्लास. आता सांगा, 3-4-3 चांगलं का वाईट?

बरं ते "तीनच डिफेंडर" म्हणणंसुद्धा अर्धवटच आहे. बॉल समोरच्याकडं गेला की दोन्ही विंगबॅक मागं येतात, झाले पाच. 2025 ची इंग्लंडच्या एफए कपची फायनल आठवा, समोर मँचेस्टर सिटी, ग्लास्नरची क्रिस्टल पॅलेस अशीच तीनवाली टीम. बॉल बहुतेक वेळ सिटीकडंच होता, पॅलेसवाले मागं पाच आणि त्यांच्यापुढं चार अशा दोन रांगा लावून इतके खेटून उभे की मधून सुई जाईना. आणि गोल कसा आला, तर झटक्यात पुढं जाऊन विंगबॅक मुन्योसनं कडेनं गोलसमोर बॉल टाकला आणि एझेनं मारला. 1-0, आणि क्लबच्या इतिहासातली पहिली मोठी ट्रॉफी. आणि चारच दिवसांनी तसलंच फॉर्मेशन लावून अमोरिमची युनायटेड युरोपा लीगची फायनल टॉटनहॅमशी 1-0 हरली, लीगमधे तर त्या सीझनला पंधराव्या नंबरावर.

त्या मॅचमधे टॉटनहॅमच्या मॅनेजरचं, पोस्टेकोग्लूचं बघा. एरवी हा माणूस डिफेन्सची लाईन पार वर नेऊन खेळणारा, त्यावरून वर्षभर शिव्या खाल्ल्या. फायनलला मागं चारजण नेहमीसारखेच, पण गोल मिळाल्यावर सगळे आपल्या गोलसमोरच्या बॉक्सजवळ येऊन बसले. शेवटाकडं एक जादा डिफेंडर आणून पाचही केले, पण ते नंतर. म्हणजे आधी टॅक्टिक्स बदललं, आकडा मागून बदलला. (एवढं करून ट्रॉफी आणली तरी सोळा दिवसांत त्याला काढला, लीगमधे सतरावा नंबर होता म्हणून.)

मग अमोरिमवर टीका करायचीच नाही का? करायची की! पण "3-4-3 बकवास आहे" ही टीका नाही, त्याच आकड्यावर त्यानं स्पोर्टिंगला पोर्तुगालची लीग जिंकून दिलेली. खरा प्रश्न असा की समोरचे मधे तीन घेऊन येतात आणि तुझे विंगबॅक सोडले तर मधे दोनच, तर त्या मोकळ्या तिसऱ्याला कोण धरणार? ग्लास्नरचेही मधे दोनच होते, पण पुढचे दोघं आत येऊन मदत करायचे आणि रांगांमधे अंतरच ठेवायचे नाहीत. युनायटेडचे पुढचे पळायचे बॉल हिसकवायला, मागचे तिघं राहायचे मागंच, आणि मधलं मैदान होम मैदानासारखं मोकळं. तिथं फॉर्मेशन आणि टॅक्टिक्स दोन्ही एकमेकांत अडकतात हे मान्य, तुटका धागा म्हटलं ते हेच. आणि ज्या ब्रुनो फर्नांडिसनं गोलजवळ पास द्यायचे त्याला मधल्या त्या दोघांत मागं खेळवायचं, ह्यावर मात्र किती पण शिव्या घाला, मी चहा पाजतो.

हे सगळं सांगितल्यावर आमचा चेल्सीवाला म्हणतो, "मग 2016 ला आमच्या मॅनेजरनं, कॉन्टेनं काय केलं बे? आर्सेनलकडून तीन गोल खाल्ले, तीन डिफेंडरवर गेला, सलग तेरा मॅच जिंकला, लीग घेऊन गेला." बरोबर आहे, आकडा बदलल्यानं फरक पडला. पण त्यानं नुसता आकडा नाही बदलला, मोझेस विंगर (पुढं कडेनं खेळणारा) होता त्याला विंगबॅक केला, आझपिलिक्वेटा फुलबॅक (कडेचा डिफेंडर) होता त्याला आत तिसरा डिफेंडर केला, वर बाजू सांभाळायला माणूस आल्यावर पुढं खेळणाऱ्या हझार्डला मागं पळायची कटकट कमी झाली. माणसांना कामं वाटून दिली आणि मग त्याला 3-4-3 म्हणायला लागले लोक.

ह्यावर तो काही बोलला नाही, पण पटलंय असंही नाही, कारण पुढच्याच सोमवारी पुन्हा, "चार डिफेंडर लावायला पाहिजे होते बे."