पंखा खोलीला नाही, अंगाला गार करतो

बंद, रिकाम्या खोलीत पंखा फिरत ठेवला आणि तापमापी टांगली, तर निव्वळ पंख्यामुळे पारा काही खाली येत नाही. उलट किंचित वर जातो. साधा छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो आणि ती सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते. हवेला मिळालेली गतीसुद्धा भिंतींना घासून उष्णतेत जिरते. झोपलेलं माणूसही साधारण तेवढीच उष्णता बाहेर टाकतं. खोलीच्या हिशेबाने पाहिलं तर पंखा म्हणजे झोपायला आलेला आणखी एक पाहुणा.

मग गार का वाटतं? त्वचेला लागून हवेचा काही मिलिमीटर जाडीचा थर चिकटलेला असतो. वारा नसेल तर हा थर शरीराच्या उबेने तापतो, घामाच्या वाफेने दमट होतो आणि तिथेच रेंगाळतो. वारा सुटला की तो पातळ होतो. उकाड्यात त्वचा ३४-३५ अंशांवर असते, खोलीतली हवा समजा ३० वर. अशी हवा सतत अंगाला लागत राहिली की उष्णता सरळ निघून जाते. पण खरं काम घाम करतो. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो. तासाभरात १०० ग्रॅम घाम वाळला तर हिशेब ६७ वॅटपर्यंत जातो, म्हणजे झोपेत शरीरात तयार होणारी जवळजवळ सगळी उष्णता. अर्थात तो अंगावरच वाळायला हवा, ओघळून उशीत मुरलेला घाम फुकट.

सेकंदाला पाऊण मीटर वेगाचा वारा अंगावर आला, तर खोली दोन-तीन अंशांनी थंड असल्यासारखं वाटतं. एसीचा मामला वेगळा. दीड टनाचा एसी खोलीतून ५ किलोवॅटपेक्षा जास्त उष्णता उपसू शकतो, हवेतला दमटपणाही काढतो, आणि पूर्ण जोरात चालताना दीड किलोवॅटच्या घरात वीज ओढतो. भिंती, कपाट, गादी, सगळंच तो थंड करत बसतो. आठ तासांत साधा पंखा ०.६ युनिट खातो. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा ३० वॅटचा पंखा पाव युनिटपेक्षाही कमी. खोलीत कुणी नसताना मात्र तेवढीही वीज वायाच.

पंखा अंगासाठी आहे हे एकदा पटलं की तो कुठे बसवायचा याचा विचारही बदलतो. हूक बहुधा छताच्या मधोमध असतो, पलंग मात्र कपाटामुळे एका बाजूला सरकलेला. पंख्याखाली हवेचा झोत जवळपास पात्यांच्या घेराएवढाच असतो. १,२०० मिलिमीटरचा पंखा असेल तर मध्यापासून दीड मीटरवर वारा बराच मंदावतो. महागडा पंखा आणण्याआधी पलंग सरकवून पाहावा, असं माझं स्पष्ट मत आहे. उंचीचंही तसंच. पंखा हवा वरून ओढतो, म्हणून पाती आणि छत यांत ३० सेंटीमीटरच्या आसपास जागा हवी. छताला चिकटवलेला पंखा नुसता गरगरतो. छत उंच असेल तर लांब रॉड घ्यावा, पण पाती जमिनीपासून किमान २.१ मीटर वर राहिली पाहिजेत. पलंगावर उभं राहून चादर झटकणाऱ्यांनी हात वर करूनही मोजावं.

जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी, मेन स्विच बंद करून. बोल्ट निसटू नये म्हणून रॉडच्या बोल्टमधली पिन वाकवली आहे ना, हे तेवढं आपल्या डोळ्यांनी बघावं. पंखा डुलत असेल तर तो बंद करून पट्टीने प्रत्येक पात्याच्या टोकाचं छतापासूनचं अंतर मोजायचं: एकाच जागी पट्टी धरून, पाती हाताने फिरवत. एखादं पातं काही मिलिमीटर खाली आलेलं असलं तर बहुतेक वेळा त्याचा स्क्रू ढिला असतो किंवा पातं मोटरला जोडणारी धातूची पट्टी वाकलेली असते. जुना पंखा फुल्लवरही रखडत असेल तर आधी कपॅसिटर (मोटरला फिरायला जोर देणारा छोटा भाग) बदलून बघावा.

पंख्याला मर्यादा आहेतच. हवा फार दमट असली की घाम वाळायलाच तयार नसतो, आणि वारा असूनही चिकचिक राहते. हवा त्वचेपेक्षा तापली की वारा अंगावर उष्णता आणून टाकू लागतो. ४० अंश किंवा त्याहून जास्त असेल तर पंख्याने शरीर उलट तापतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वृद्धांना घाम कमी येतो, त्यांच्या बाबतीत पारा एवढा वर जाईपर्यंत पंख्यावर विसंबून थांबूच नये.

वरच्या मजल्यावर आणखी एक अडचण असते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतो, आणि पंखा तीच छतालगतची गरम हवा खाली ढकलतो. अशा वेळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड झाली की एका खिडकीत एक्झॉस्ट किंवा टेबल फॅन बाहेर तोंड करून लावावा आणि समोरची खिडकी उघडावी. दारं-खिडक्या दिवसा बंद, रात्री उघड्या. यात खोलीतली उष्णता खरोखरच बाहेर जाते.

घरात एसी असलाच, तरी २७ अंशांवर ठेवून सोबत पंखा मंद चालवला की बहुतेकांना पुरतं. कॉम्प्रेसरला त्यामुळे बरीच उसंत मिळते.