डॉर्सेटचा तिसरा ड्यूक

(२५ मार्च १७४५ – १९ जुलै १७९९). अठराव्या शतकातील इंग्लिश क्रिकेटचा आश्रयदाता, खेळाडू व मुत्सद्दी. मूळ नाव जॉन फ्रेडरिक सॅकव्हिल. त्याचे शिक्षण लंडनच्या वेस्टमिन्स्टर विद्यालयात झाले. १७६८ मध्ये तो केंट परगण्यातून पार्लमेंटवर निवडून आला. पण पुढच्याच वर्षी निपुत्रिक चुलता वारला, ड्यूकपद आणि सेव्हनओक्सजवळचा नोल हा अवाढव्य वाडा त्याच्याकडे आला व तो उमरावांच्या सभागृहात गेला.

क्रिकेट या घराण्यात आधीपासूनच होते. वडील लॉर्ड जॉन सॅकव्हिल हे १७४४ साली लंडनच्या आर्टिलरी ग्राउंडवर झालेल्या केंट विरुद्ध इंग्लंड या गाजलेल्या सामन्यात केंटकडून खेळले आणि केंटने तो एका गड्याने जिंकला. त्या सामन्यात केंटचा कर्णधार होता व्हॅल रोमनी, म्हणजे नोलच्याच बागेचा माळी. मैदानाबाहेर ज्याने मालकासमोर टोपी काढायची, त्याच्याच हुकमाखाली मालकाचा मुलगा लॉर्ड जॉन क्षेत्ररक्षण करीत होता. त्या काळच्या इंग्लंडात हे विशेष मानले जात नसे. कारण सामन्यावर पैज लागलेली असे आणि पैज जिंकायची तर चांगल्या खेळाडूला मान द्यावाच लागे.

तिसऱ्या ड्यूकने हीच रीत पुढे चालवली. तेव्हा खेळाडूंना पगार देणारी मंडळे नव्हती. कसबी खेळाडू हवा असेल, तर त्याला वाड्यावर काहीतरी काम देऊन ठेवून घ्यावे लागे. जॉन मिन्शुल हा नोलला माळी होता आणि विल्यम बोरा शिकारीच्या रानाचा रखवालदार. मिन्शुलने ३१ ऑगस्ट १७६९ रोजी ड्यूकच्या संघाकडून रॉथम गावाविरुद्ध १०७ धावा केल्या. धावसंख्येची नोंद उपलब्ध असलेले क्रिकेटमधील हे सर्वांत जुने शतक होय. इतर उमरावांचाही कित्ता असाच होता. सरेचा अर्ल ऑफ टँकरव्हिल याच्या पदरी एडवर्ड ऊर्फ ‘लंपी’ स्टीव्हन्स हा त्या पिढीतला सर्वांत अचूक गोलंदाज माळीकाम करी, तर केंटमधलाच सर होरेशियो मॅन याने हँपशरच्या हॅम्बल्डन क्लबचा फलंदाज जेम्स एलवर्ड याला कारभाऱ्याची जागा देऊन आपल्याकडे ओढले. पैजा शेकडो, प्रसंगी हजार गिनींच्या (गिनी म्हणजे तेव्हाचे सोन्याचे नाणे) असत, त्यामुळे या माळ्यांची आणि रखवालदारांची निवड फुलझाडांकडे पाहून होत नसे, हे उघड आहे. ड्यूक स्वतःही नोकरांच्या बरोबरीने मैदानात उतरे.

नियमांच्या इतिहासातही त्याचे नाव येते. २५ फेब्रुवारी १७७४ रोजी लंडनमधील पॉल मॉल रस्त्यावरच्या ‘स्टार अँड गार्टर’ या खाणावळीत उमरावांची व सद्गृहस्थांची जी समिती क्रिकेटचे नियम सुधारण्यासाठी बसली, तिच्यात टँकरव्हिलबरोबर डॉर्सेटही होता. बॅटची रुंदी जास्तीत जास्त सव्वाचार इंच असावी, हे या नियमावलीत आले आणि फलंदाज पायचीत होण्याची तरतूदही प्रथम तिच्यातच झाली. यष्ट्या मात्र अजून दोनच होत्या, बावीस इंच उंच आणि वर एक आडवी दांडी. पुढच्याच वर्षी मे महिन्यात आर्टिलरी ग्राउंडवर केंट व हॅम्बल्डन यांच्यात पाच-पाच गड्यांचा सामना झाला. हॅम्बल्डनचा शेवटचा फलंदाज जॉन स्मॉल याला केंटकडून खेळणाऱ्या लंपीने तीनदा पुरते चकवले. तिन्ही वेळा चेंडू दोन यष्ट्यांमधून आरपार गेला, दांडी जागची हलली नाही आणि स्मॉलने सामना जिंकून दिला. या अन्यायाची चर्चा होऊन मधली यष्टी आली. मराठी समालोचनातील ‘त्रिफळा’ या शब्दाची सोय त्या दुपारी झाली, असे म्हणायला हरकत नाही.

१७८४ ते १७८९ या काळात ड्यूक फ्रान्समध्ये ब्रिटनचा राजदूत होता. इटालियन नर्तकी जोव्हाना बाचेल्ली ही त्याची सहचरी त्याच्याबरोबर पॅरिसला होती. चित्रकार गेन्सबरोने काढलेले तिचे नृत्यमुद्रेतील चित्र प्रसिद्ध आहे. जुलै १७८९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या आरंभी पॅरिसचा बास्तीय हा तुरुंग पडल्यावर फ्रान्सच्या राजाचा धाकटा भाऊ काउंट द आर्त्वा देशाबाहेर निसटला. त्याला ड्यूकने लिहिलेले अभिनंदनाचे पत्र क्रांतिकारकांच्या हाती लागले, संशय वाढला आणि ऑगस्टमध्ये ड्यूक मायदेशी परतला. त्याने याच सुमारास एक इंग्लिश क्रिकेट संघ पॅरिसला बोलावला होता आणि परतणाऱ्या ड्यूकला पाहून तो संघ डोव्हर बंदरातूनच माघारी फिरला, ही कथा वारंवार सांगितली जाते. ती खरी असती तर क्रिकेटचा पहिला परदेश दौरा क्रांतीने बुडवला असे म्हणता आले असते. पण अभ्यासकांनी तिच्याविषयी शंका घेतल्या आहेत, तेव्हा ती बेतानेच घ्यावी.

१७९० मध्ये त्याने अ‍ॅरॅबेला कोप हिच्याशी विवाह केला. शेवटच्या वर्षांत त्याचे मन ढासळले आणि नोल येथेच त्याचे निधन झाले. त्याचा मुलगा चौथा ड्यूक १८१५ मध्ये आयर्लंडात शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून वारला. पुढे १८४३ मध्ये ही पदवीच संपली.

सेव्हनओक्समधील ‘द व्हाइन’ हे मैदान, जिथे १७७७ साली एलवर्डने इंग्लंडविरुद्ध १६७ धावा काढल्या, ते ड्यूकने १७७३ मध्ये गावाला देऊन टाकले होते. तिथे आजही क्रिकेट खेळले जाते. क्लबने नगरपरिषदेला भाडे म्हणून मिरीचे दाणे द्यायचे आणि नगरपरिषदेने दरवर्षी सॅकव्हिल घराण्याच्या लॉर्डला, त्याने मागितल्यास, क्रिकेटचा एक चेंडू द्यायचा, असा करार आहे.