चित्रपटविषयक लेखाचे परीक्षण (विकिपीडिया)

विकिपीडियासारख्या मुक्त ज्ञानकोशातील एखाद्या चित्रपटावरचा लेख संदर्भ, तटस्थता, व्याप्ती आणि भाषा या अंगांनी तपासून दुरुस्त करण्याची प्रक्रिया. परीक्षण लेखाचे होते, चित्रपटाचे नाही. सुमार चित्रपटावर उत्तम लेख असू शकतो, आणि गाजलेल्या चित्रपटाच्या वाट्याला पुष्कळदा चाहत्यांचा गौरवग्रंथ येतो.

इंग्रजी विकिपीडियावर या कामाची शिस्त बरीच पक्की आहे. ‘चांगला लेख’ हा दर्जा मिळवण्यासाठी लेखाचे नामांकन होते आणि लेखनात विशेष हात नसलेला एक संपादक तो तपासतो. त्याहून वरच्या ‘निवडक लेख’ या दर्जासाठी अनेक संपादकांचे एकमत लागते. आक्षेप चर्चा पानावर नोंदवले जातात, लेखकाला दुरुस्तीसाठी साधारण आठवडाभर मुदत मिळते आणि झालेला प्रत्येक बदल पानाच्या इतिहासात राहतो. ज्या लेखावर संपादनयुद्ध (एकमेकांचे बदल पुन्हापुन्हा उलटवणे) चालू आहे, तो ‘स्थिर’ नसल्यामुळे परीक्षणात टिकत नाही.

कात्री सर्वांत आधी कथानकावर चालते. तिथल्या संकेतानुसार कथानक ४०० ते ७०० शब्दांत, वर्तमानकाळात लिहायचे असते. शेवट लपवायचा नसतो. कथानकाला वेगळा संदर्भ लागत नाही, कारण चित्रपट हाच त्याचा आधार. मात्र ‘हे दृश्य जातिव्यवस्थेचे प्रतीक आहे’ असा अर्थ लावायचा, तर तो कोणत्या समीक्षकाने लावला हे सांगावेच लागते. आयएमडीबी या चित्रपटविषयक संकेतस्थळावरची बरीच माहिती वापरकर्तेच भरत असल्याने ती संदर्भ म्हणून चालत नाही. परीक्षणे एकत्र करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरची टक्केवारी म्हणजे अनुकूल परीक्षणांचे प्रमाण. ते चित्रपटाला मिळालेले गुण नव्हेत, पण ही गल्लत सर्रास आढळते.

परीक्षणाचा खरा कस जुन्या चित्रपटांवर लागतो. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. निमंत्रितांसाठीचा खेळ २१ एप्रिलला ऑलिंपियात झाला होता. दोन्ही तारखा बरोबर आहेत, पण लेखात एक वर, एक खाली अशी विनाखुलासा पडली की वाचक गोंधळतो. ‘पहिला भारतीय चित्रपट’ हे विधान याहून नाजूक. दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी त्याच कॉरोनेशनमध्ये दाखवला गेला होता. तो रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होता आणि कॅमेरा इंग्रज माणसाच्या हाती होता, या कारणांवरून त्याला पहिलेपण नाकारले जाते. तोरण्यांच्या बाजूने बोलणारे अर्थातच हे मान्य करत नाहीत. परीक्षकाने इथे निवाडा करायचा नसतो. कोण कशाच्या आधारे काय म्हणते, एवढे लेखात आले की काम झाले.

कथानकाचा नियमही ‘राजा हरिश्चंद्र’वरच्या लेखात अडतो. चार रिळांच्या या चित्रपटाची पहिली आणि शेवटची रीळच पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत, आणि तीही १९१७ च्या नव्या आवृत्तीची असावीत असे काही अभ्यासक मानतात. अशा वेळी संपादक पुराणातली ठाऊक असलेली कथाच ‘कथानक’ म्हणून लिहून मोकळा होतो. समकालीन जाहिराती आणि पुढच्या अभ्यासकांची वर्णने यांवरून, जेवढे सांगता येते तेवढेच सांगणे हा त्यावरचा उपाय. विभाग चार ओळींचा झाला तरी हरकत नाही.

फाळक्यांनी स्वतः ‘नवयुग’ मासिकात १९१७-१८ मध्ये ‘भारतीय चित्रपट’ ही लेखमाला लिहिली. निर्मितीच्या कष्टांसाठी ती बहुमोल आहे, पण स्वतःच्या पहिलेपणाला तिचा आधार पुरत नाही. ज्यावरून चित्रपट काढण्याची प्रेरणा मिळाली तो ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट फाळक्यांनी कधी पाहिला, याबद्दल १९१० चा नाताळ आणि १९११ चा ईस्टर अशा दोन्ही नोंदी मिळतात. अशा ठिकाणी दोन्ही द्याव्यात.

नव्या चित्रपटांत डोकेदुखी कमाईची असते. निर्मात्याने सांगितलेला आकडा, वितरकाचा अंदाज आणि वृत्तपत्राने फुगवलेली बातमी यांत एकवाक्यता क्वचितच असते, म्हणून एकाच आकड्याऐवजी स्रोतासह किमान ते कमाल असा पल्ला देणे इष्ट. चित्रांचे कामही इथेच अडते. भारतीय कायद्यानुसार चित्रपटावरील प्रताधिकार (कॉपीराइट) प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो, त्यामुळे ‘राजा हरिश्चंद्र’मधील छायाचित्रे वापरायला मोकळी आहेत, पण आजच्या पोस्टरसाठी इंग्रजी विकिपीडियावर कमी रेझोल्यूशनची प्रत आणि वापराचे कारण द्यावे लागते.

१ मे २००३ पासून चालू असलेल्या मराठी विकिपीडियावर चित्रपटांचे अनेक लेख माहितीचौकट (ठळक तपशिलांचा तक्ता), कलाकारांची यादी आणि गाण्यांची नावे एवढ्यावरच थांबतात. ‘संदर्भ हवा’ हा साचा (तयार सूचना-खूण) लावणे सोपे, संदर्भ शोधणे कष्टाचे, कारण जुन्या मराठी चित्रपटांची परीक्षणे वृत्तपत्रांच्या आणि मासिकांच्या जुन्या अंकांत आहेत. ग्रंथालयात बसून अंकाची तारीख आणि पान टिपून आणणाऱ्या संपादकाचे एक वाक्य विशेषणांनी भरलेल्या तीन परिच्छेदांपेक्षा लेखाला अधिक उपयोगी पडते.