पितळी देव आणि चिंचेचा कोळ

सणाच्या आदल्या दिवशी देवघरातले देव घासायला काढले जातात, तेव्हा ते बहुधा एकटे नसतात. समई, निरांजन, ताम्हन आणि पळी-पंचपात्र यांच्यासोबत रांगता बाळकृष्ण आणि अन्नपूर्णाही एकाच परातीत उतरतात, आणि चिंचेचा तोच कोळ सगळ्यांना लागतो. मूर्तीला आणि भांड्याला एकच न्याय लावण्याची ही रीत निव्वळ सोयीतून आलेली नाही. तिच्यामागे जुन्या वचनांचा आधार आहे, आणि पितळी मूर्ती झिजण्या-डागाळण्याचे एक मोठे कारणही तीच रीत आहे.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचा विचार करताना तांबे, लोखंड, कांसे, पितळ, कथील आणि शिसे यांची शुद्धी क्षार, आम्ल आणि पाणी यांनी यथायोग्य करावी, असे सांगितले आहे. ‘भस्मना शुद्ध्यते कांस्यं ताम्रमम्लेन शुद्ध्यति’ हे सुभाषित तर राख आणि चिंच यांची कामेच वाटून देते. मात्र ही वचने धातूच्या वस्तूंविषयी आहेत. पूजेतल्या मूर्तीविषयी भागवताच्या एकादश स्कंधात वेगळा विचार येतो: लेप देऊन किंवा रंगवून केलेली प्रतिमा नुसती पुसावी, इतर प्रतिमांना स्नान घालावे. तिथे शब्द ‘स्नपन’ असा आहे, आणि स्नान घालणे म्हणजे घासणे नव्हे. व्यवहारात मात्र भांड्यांचा नियम देवांपर्यंत पोहोचला आणि तिथेच स्थिरावला.

ज्याला आपण सरसकट पितळ म्हणतो, तो धातूही एक नाही. तांबे आणि कथील यांचे कांसे होते, तांबे आणि जस्त यांचे पितळ. या देशात मूर्ती ओतण्याची कला पितळापेक्षा पुष्कळ जुनी आहे. मोहेंजोदडोची सुप्रसिद्ध नर्तिका जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंचीची आणि कांस्याची आहे. चोळकाळातील दक्षिणी मूर्तींतही तांब्याचेच प्राबल्य आहे. पितळाने आपली खरी छाप उमटवली ती उत्तरेकडे, काश्मीर आणि लगतच्या हिमालयी राज्यांत. हिमाचलातील भरमौर येथे असलेल्या लक्षणादेवीच्या पितळी मूर्तीच्या पीठावर राजा मेरुवर्मा याच्यासोबत ती घडवणाऱ्या गुग्ग या कारागिराचेही नाव कोरलेले आहे. मूर्तिकाराचे नाव असे हाती लागणे हा आपल्याकडे दुर्मीळ योग आहे.

पितळ मागे का राहिले, याचे उत्तर जस्ताच्या स्वभावात आहे. जस्त ९०७ अंश सेल्सियसला उकळते, आणि खनिजातून ते सुटे करायला त्याहून अधिक उष्णता लागते. त्यामुळे साध्या भट्टीत ते वितळून खाली साचत नाही, तर वाफ होऊन निघून जाते. म्हणून पूर्वी जस्ताचे खनिज, कोळसा आणि तांबे बंद मुशीत एकत्र तापवून ती वाफ तांब्यातच मुरवली जाई. या पद्धतीने पितळात जस्ताचे प्रमाण साधारण २८ टक्क्यांच्या पुढे नेणे अवघड होते. ही कोंडी फुटली राजस्थानात, उदयपूरजवळच्या जावर येथे. तेथील कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी भट्टीत उलट्या लावल्या, एका भट्टीत ३६, आणि जस्ताची वाफ खालच्या थंड भागात उतरवून तिचे पुन्हा धातूत रूपांतर केले. बाराव्या-तेराव्या शतकांच्या सुमारास हे काम तेथे मोठ्या प्रमाणावर चालू होते. युरोपात जस्त काढण्याच्या पद्धतीचे पेटंट ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने घेतले ते १७३८ मध्ये. सुटे जस्त हाती आल्यावर हवे तितके पिवळे, स्वस्त आणि सहज ओतता येणारे पितळ करता येऊ लागले, आणि घरोघरच्या छोट्या मूर्तींना तो धातू सोयीचा ठरला.

घरातली मूर्ती छोटीच का असते, यालाही संकेत आहे. मत्स्यपुराणात घरातील प्रतिमा अंगठ्याच्या पेरापासून वितीपर्यंतच असावी, असे म्हटले आहे. आता पेराएवढ्या मूर्तीचे नाक ते केवढे असणार! मंदिरातल्या मोठ्या उत्सवमूर्तीला जी झीज दिसतही नाही, ती देवघरातल्या बाळकृष्णाच्या हातातला लोण्याचा गोळा सपाट करून टाकते.

ओतण्याची जुनी रीत मेणाची. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात ती दिली आहे: मेणाची मूर्ती करावी, तिच्यावर मातीचे थर द्यावेत, तापवून मेण काढून घ्यावे आणि त्या पोकळीत धातू ओतावा. धातू किती लागेल याचा हिशेब मेणाच्या वजनावरून करायचा, आणि धातू जितका जड तितकी पट मोठी. या रीतीत साचा फोडावाच लागतो, म्हणून प्रत्येक मूर्ती एकच होते. मुरादाबादसारख्या ठिकाणी वाळूच्या साच्यात ओतकाम वाढल्यावर मूर्ती शेकड्यांनी निघू लागल्या, आणि झळाळी टिकावी म्हणून त्यांवर लाखेसारखा पारदर्शक लेप चढू लागला. जुन्या शास्त्राला ठाऊक नसलेला हा नवा पदार्थ आहे. अभिषेकाचे पाणी लेपाच्या चिरांतून आत शिरते आणि आतल्या आत काळे चट्टे पडतात. भागवतातला लेपाचा नियम मनात ठेवला, तर अशी मूर्ती कोरड्या मऊ कापडाने पुसणेच बरे. तिची रोज पूजा-स्नान होणार असेल, तर लेप आधी पुरता काढून घेणे श्रेयस्कर.

चिंचेत टार्टारिक आणि लिंबात सायट्रिक आम्ल असते. दोन्ही वरचा काळा थर झटपट विरघळवतात, म्हणून त्यांची ख्याती. पण मूर्ती कोळात भिजत ठेवली, की आम्लाचा हात मूळ धातूवर पडतो. पितळातले जस्त आधी निघून जाते, तांबे मागे उरते, आणि मूर्तीवर गुलाबी-तांबूस डाग उमटतात. पुष्कळांना ते पाहून दुकानदाराने तांब्यावर मुलामा देऊन फसवल्याची शंका येते, तेव्हा दोष खरे तर परातीतला असतो. त्यात मीठ मिसळले तर क्षाराचा अंश बारीक खाचांत राहून पुढे दमट हवेत हिरवी पूड धरते. संकटात देव पाण्यात घालून बसण्याची आपली म्हण पितळाला फारशी जाचत नाही, कारण ते पाणी निदान आंबट नसते.

अमोनियाची गोष्ट अधिक उद्बोधक आहे. ब्रिटिश फौजेच्या भारतातील छावण्यांत, पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवलेल्या पितळी काडतुसांना आपोआप भेगा पडत. जनावरांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळात घडवताना राहिलेला ताण या तिघांचा तो परिणाम होता, आणि त्याची समाधानकारक उकल १९२१ मध्ये झाली. ओतीव मूर्तीत असा ताण कमी असतो. पण पत्रा ठोकून केलेले मुखवटे आणि प्रभावळी यांत तो असू शकतो, म्हणून काचा पुसण्याची अमोनियायुक्त द्रावणे त्यांना लावू नयेत.

घरातली जुनी सामग्री सगळीच कठोर नव्हती. रिठ्याचे पाणी हे त्यातले सौम्य साधन, आणि नेहमीच्या मळाला, तेलकट काजळीला ते पुरते. पंचामृतातले दही आंबट असते आणि दूध-तूप खाचांत चिकटून राहते, म्हणून अभिषेकानंतर कोमट पाण्याने मूर्ती लगेच धुवावी आणि दागिन्यांच्या घडीतले गंध-कुंकू मऊ कुंचल्याने काढावे. चिंच वापरायचीच असेल तर चोळून क्षणात धुऊन टाकावी. राख, वीटपूड किंवा तारेची घासणी मात्र समईसाठी ठेवावी. धुतल्यावर मूर्ती उलटी करून बैठकीच्या खालची पोकळीही टिपून घ्यावी, कारण समोरून लख्ख दिसणाऱ्या पुष्कळ मूर्तींचा हिरवा थर तिथूनच वर चढत असतो.